मामाची स्टॉर्म आणि बोरघाट

सॅन स्टॉर्म नावाची गाडी तुम्ही पाहिली असण्याची शक्यता कमीच. दोन सीट, फायबरची बॉडी आणि पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. ताकद जेमतेम ६० हॉर्सपॉवर, म्हणजे आजची एखादी साधी हॅचबॅकही तिला आरामात मागे टाकेल. पण ही स्पोर्ट्स कार चक्क आपल्या शेजारी गोव्यात जन्मली, आणि आपल्याकडे असला उद्योग करायला निघालेले होतेच किती? माझ्या मामाने २००२ मध्ये एक घेतली. तीन माणसांच्या घरात दोन सीटची गाडी आणणारा हा एकटाच, असं मामी येईल त्याला सांगायची.

गाडी असते लोणावळ्याला, तुंगार्लीत, मामाच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये. गेल्या वर्षी खंडाळ्याच्या चढावर तिने पाणी उकळलं आणि मामाने जाहीर केलं, "आता बास. मुंबईचा एक माणूस मागतोय, देऊन टाकतो." मामी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मामाला गाडी विकायची होती की तिच्याकडे बघवत नव्हतं, हे मला कळेना. विचारण्याची सोय नव्हतीच. मी एवढंच म्हटलं, "मामा, मला दिवाळीपर्यंत दे. घाट चढली तर ठेव, नाही तर विक." मग काय, दर शनिवारी पुण्याहून लोकल पकडायची आणि लोणावळा गाठायचं, असं सुरू झालं.

आता थोडी शाळा. पेट्रोलमधली जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा चाकांच्या कामी येते. तेवढीच साधारण सायलेन्सरमधून जाते आणि तेवढीच पाण्यातून रेडिएटरकडे येते. सपाट रस्त्यावर ८०च्या वेगात समोरची हवाच रेडिएटर गार करते. घाटात सगळं उलटं. इंजिन पूर्ण जोर लावतंय, वेग वीस, आणि पुढे ट्रक. अशा वेळी सगळा भार एकट्या पंख्यावर.

गरम होते म्हटल्यावर प्रत्येकाने एकच सांगितलं, मोठा रेडिएटर टाक. सर्व्हर स्लो झाला की रॅम वाढवा म्हणणारे मॅनेजर आठवले :) आधी मोजू तर द्या! मल्टीमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, आणि पंख्याच्या कनेक्टरवर १०.९. जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच गायब.

गंमत अशी की लोखंडी गाडीत बॉडी हीच अर्थिंगची वायर असते, कुठेही स्क्रू मारा. फायबरला ते जमत नाही. प्रत्येक गोष्टीला अर्थिंगची स्वतंत्र वायर लागते. आणि लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस! वीसेक पावसाळे खाल्लेलं ते अर्थिंगचं टोक हिरवंगार झालं होतं. यात गाडी बनवणाऱ्यांचा काय दोष? पंख्याचा वेग वीस टक्के पडला की हवा ढकलण्याची ताकद जवळपास निम्मी होते. नवी जाड वायर, नवा रिले, थेट बॅटरीपर्यंत अर्थिंग. खर्च हजाराच्या आत, आणि माझ्या मते अर्धं काम तिथेच झालं.

उरलेलं अर्धं मात्र खरंच रेडिएटरमध्ये होतं. थर्मामीटरची गन फिरवली तर वरची बाजू ८५ अंश आणि खालचा एक कोपरा ५० च्या आत. म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणी फिरतच नव्हतं. कधीतरी कुणीतरी कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं होतं. "आपल्याकडे काय बर्फ पडतो का?" हा त्यामागचा लाडका युक्तिवाद. अहो, कूलंट नुसता बर्फासाठी नसतो. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं, त्यात साधं पाणी म्हणजे गंजाला आमंत्रणच. थर्मोस्टॅटही गायब होता, "आपल्या हवेत लागत नाही" म्हणून. तो नसला की उतारावर इंजिन गार पडतं आणि इंजेक्शनचा कॉम्प्युटर त्याला थंड समजून जास्त पेट्रोल पाजत राहतो.

इथे मामा अडला. "कंपनीतून आली तशीच राहू दे," म्हणाला. मला हे पटतही होतं आणि नव्हतंही. जे डोळ्यांना दिसतं ते मूळचं ठेवावं. पण रबरी पाइपचं आयुष्य असतं, त्याला भावना कळत नाहीत. शेवटी त्याच मापाचा, पण जास्त जाडीचा अॅल्युमिनियमचा रेडिएटर पुण्यात बनवून घेतला, जुन्याच ब्रॅकेटवर बसणारा. पंख्याभोवती पत्र्याचं श्राउड केलं, म्हणजे हवा पंख्यापुरत्या गोलातून न येता सगळ्या जाळीतून ओढली जाते. कडेच्या फटी फोमने बुजवल्या. सगळे होज, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटरची कॅप, सगळं नवं. कॅपला कुणी विचारत नाही, पण ती म्हणजे कुकरची शिट्टी. तिचा दाब टिकला नाही तर पाणी लवकर उकळणार. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं भरलं, गाडी चढावर नाक वर करून उभी केली आणि बुडबुडे थांबेपर्यंत दोघं बघत बसलो.

ऑक्टोबरच्या एका दुपारी उन्हाचे खोपोलीला उतरलो आणि जुन्या रस्त्याने परत वर निघालो. शिंग्रोबापाशी मामाने सवयीने नाणं टाकलं. पुढे सिमेंटचा ट्रक, आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये त्याच्या मागे. बाजूच्या सीटवरून मामा रस्ता सोडून काट्याकडे बघत होता. काटा निम्म्याच्या किंचित वर गेला, पंखा सुरू झाला, काटा खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. खंडाळ्याला पोचेपर्यंत हेच चाललं होतं.

"पंखा फार आवाज करतो रे," मामा एवढंच बोलला.

रात्री त्याने मुंबईच्या माणसाला फोन केला. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो, त्यामुळे बोलणं ऐकू आलं नाही. बाहेर आलो तर मामा विचारत होता, जुना रेडिएटर भंगारात दिलास का? नव्हता दिला. तो पोत्यात घालून माळ्यावर ठेवायचा हुकूम झाला. मामीच्या शिवणयंत्राशेजारी जागा होती.