निवृत्तीनंतरचे घड्याळकाम: बॉनमधील कायदा आणि कारागिरी

जर्मनीत घड्याळ-दुरुस्ती हा ‘हांडवेर्क’, म्हणजे प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणी यांनी बांधलेला हस्तव्यवसाय मानला जातो, आणि स्वतंत्र दुकान मांडण्यासाठी पूर्वी सर्वसाधारणपणे ‘माइस्टर’ ही त्यातील सर्वोच्च पदवी लागत असे. २००४ च्या कायदादुरुस्तीने घड्याळजींपुरती ही अट उठवली. २०२० मध्ये बारा व्यवसायांना ती पुन्हा लागू झाली, तरी घड्याळकाम त्यांत नव्हते. त्यामुळे बॉनमधील निवृत्त व्यक्तीला महापालिकेत आणि कोलोनच्या हस्तव्यवसाय मंडळात (बॉन त्याच्याच कक्षेत येते) नोंद करून काम सुरू करता येते. परीक्षा न देता माइस्टर म्हणवून घेता येत नाही, एवढेच. मुदतीपूर्वी वृद्धापकाळाचे पेन्शन घेणाऱ्यांच्या कमाईवरील मर्यादाही जानेवारी २०२३ पासून गेली आहे. सरकारी अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे नियम मात्र वेगळे आहेत, आणि १९९९ मध्ये संसद बर्लिनला जाईपर्यंत देशाचा कारभार जेथून चालला त्या शहरात हा फरक किरकोळ नाही.

नियमित प्रशिक्षण तीन वर्षांचे असते. उतारवयात आरंभ करणाऱ्याने मनगटी घड्याळांच्या मागे न लागता भिंतीवरची आणि टेबलावरची चावीची घड्याळे हाती घ्यावीत, हेच शहाणपणाचे, कारण तेथे साधे भिंग पुरते आणि किंचित थरथरणारा हातही चालून जातो. या घड्याळांत चाकांच्या पोलादी आसांची टोके पितळी पट्ट्यांतील छिद्रांमध्ये फिरतात. जुने तेल सुकून त्यात धूळ आणि धातूचा कीस मिसळला की ते छिद्र झिजवते, छिद्र लांबट होते, दाते एकमेकांत नीट बसेनासे होतात आणि घड्याळ अडते. छिद्र मोठे करून त्यात पितळी बुश बसवणे हा त्यावरचा उपाय सांगायला सोपा आहे. मूळ केंद्र अचूक सापडले नाही, तर दुरुस्तीच नवा दोष होऊन बसते. घड्याळ खोलण्याआधी स्प्रिंगचा ताण सावकाश उतरवलाच पाहिजे, कारण ताणलेली स्प्रिंग एकदम सुटली तर बोटे फाडते. काही जुन्या घड्याळांच्या चकाकत्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असतो. तो कधीही खरवडू नये.

निवृत्ताचा खरा लाभ चाचणीच्या वेळी दिसतो. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाण्यास एक सेकंद घेणारा लंबक सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांब असतो आणि त्यात एका मिलिमीटरचा फरक पडला, तर दिवसाला सुमारे ४३ सेकंदांची चूक होते; शिवाय आठवड्याच्या चावीच्या घड्याळात स्प्रिंगचा जोर दिवसागणिक ओसरत जातो, म्हणून पहिल्या दिवशी बरोबर चाललेले घड्याळ सातव्या दिवशी मागे पडू शकते. फ्रांकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगनहून प्रसारित होणारा डीसीएफ७७ हा वेळेचा रेडिओसंकेत पकडणारे साधे घड्याळ तुलनेला पुरेसे असते. तासाच्या दराने बिल करणाऱ्या दुकानाला पूर्ण आठवडाभराची ही पाहणी परवडेलच असे नाही. ज्याचे पेन्शन महिन्याला खात्यात जमा होते, त्याला ती परवडते आणि चावी संपत आल्यावरच उघड होणारे दोष त्यालाच आधी दिसतात.