मांजरपाट

आबा गेले तो शुक्रवार होता. भिवंडीत यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे पहाटे गल्लीत खडखडाट नव्हता. मी जागी झाले ती त्या शांततेनेच, असं मला अजून वाटतं. आमच्याकडे आवाजाने कुणाची झोप मोडत नाही, आवाज थांबला की मोडते. रात्री वीज गेली की आधी पाळण्यातली पोरं रडायला लागतात.

काकांबरोबर कापड आणायला मी गेले. दुकानदाराने मांजरपाटाचा ताका उलगडला आणि माझी बोटं सवयीने त्यावरून फिरली. ताण्याची एक तार तुटलेली होती, हातभर तशीच पुढे गेलेली. ही सवय आबांचीच. शाळेतून आले की ते फडक्याचा तुकडा आणि ती घडीची छोटी काच माझ्यापुढे ठेवायचे. इंचात उभ्या तारा किती, आडव्या किती, मोजून सांग. बरोबर आलं तर लिमलेटची गोळी.

आबा मूळचे साताऱ्याकडचे, पाटण भागातले. पोरवयात लालबागला आले, एका गिरणीत बदली म्हणून लागले आणि पुढे साचेखात्यात कायम झाले. मागाला ते शेवटपर्यंत साचाच म्हणत. कान त्या खात्यातच गेले, पण समोरच्याच्या ओठांवरून ते सगळं ओळखायचे. त्यामुळे आजी त्यांना बोल लावायची तेव्हा भिंतीकडे तोंड करून.

१८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यांत आबाही होते. पहिले महिने त्यांनी गावी काढले. पदरात तीन पोरं. पावसाळ्यात कुणीतरी ओळखीचा त्यांना भिवंडीला घेऊन आला. आठ तासांची पाळी बारा तासांची झाली, दोन साच्यांचे सहा झाले, पगार जाऊन मीटरवर मजुरी आली. फंड नाही, हजेरीकार्ड नाही. जेवण बिशीत, उत्तर प्रदेशातल्या कारागिरांच्या पंगतीला. त्या शेडमध्ये मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले काही जुने माग होते. पहिल्याच दिवशी त्यांतल्या एकावर हात ठेवून आबा म्हणाले होते म्हणे, "तूबी आलास व्हय?" ही गोष्ट आजी हसून सांगायची. आबा मात्र कधी हसले नाहीत.

१९८४ च्या दंगलीबद्दल विचारलं तर एवढंच म्हणत, "साचं बंद हुतं. झोप न्हाई लागली."

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावात टॉवर उभे राहिले, आणि २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. त्याच्या आधीच्या अर्ज भरण्याच्या दिवसांत काका फॉर्म घेऊन आले. आबांच्या पत्र्याच्या पेटीत गिरणीचं ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं जपून ठेवलेलं होतं. पण त्यांनी पेटी उघडूच दिली नाही. आजी त्या रात्री भिंतीकडे वळली नाही. तोंडावरच म्हणाली, "दहा बाय दहाच्या खोलीत माझा जन्म गेला."

नंतर ते ओट्यावर दिव्याखाली बसले होते. मी समोर जाऊन बसले आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, का? आम्ही दोघं असंच बोलायचो. त्यांनीही तसंच, बिनआवाजी सांगितलं. गिरण्या बंद होत्या तरी गिरण्यांच्या शिक्क्याचं कापड बाजारात येतच होतं. मालक ते भिवंडीतून विणून घेत होते. "संपबी आमीच केला, आन् मालबी आमीच इणला. आता घर मागाया त्वांड पायजे."

हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही. मला त्यांचा हिशेब आजही पटत नाही. तीन पोरांच्या बापाने पोटासाठी सहा साचे चालवले म्हणून संप मोडत नसतो, आणि ते आले नसते तर त्यांच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलं असतं. एकदा मी हे त्यांना म्हटलंही. त्यांनी माझ्या ओठांकडे शेवटपर्यंत पाहिलं आणि मग मान दुसरीकडे वळवली. मीटर त्यांनी मोजले होते, मी नाही.

दुकानात काका पैसे काढू लागले. मी ती तुटलेली तार दाखवली. "चालेल गं," ते हळूच म्हणाले, "शेवटी जाळायचंच आहे."

दुकानदार समजुतीच्या सुरात म्हणाला, "इथलाच माल आहे, ताई."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "दुसरा ताका काढा."