मिस्सेला जाणाऱ्या भाचीस

चि. सोनू हिस,


लग्न ठरल्यापासून तू रविवारी सकाळी बेळगावला कॅम्पात, होणाऱ्या नवऱ्याच्या कॅथलिक घरच्यांबरोबर मिस्सेला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, जातेस आणि दुपारी मला फोन करतेस. तक्रार ठरलेली. प्रवचन दहा मिनिटांत आटोपलं, वचन काही उलगडून सांगितलं नाही, माणसं सारखी उठतात, बसतात, गुडघे टेकतात, आणि शेवटी सगळे रांगेनं पुढे गेले नि तू एकटी बाकावर. फोनवर हे बोलायला गेलं की आपल्या दोघींचं भांडण होतं, म्हणून लिहिते आहे. आणि निपाणी-बेळगाव पट्ट्यात अशी कॅथलिक-प्रोटेस्टंट लग्नं आता नवलाची राहिलेली नाहीत, तेव्हा हे पत्र चारचौघांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

मला सांगायचं ते थोडक्यात असं: तू तिथं प्रवचन ऐकायला जातेस, आणि ती माणसं प्रवचनासाठी जमलेलीच नसतात. आपल्या भागात कीर्तन आणि पूजा यांत कोणी गल्लत करत नाही. कीर्तनाला गेलेला माणूस निरूपण कसं झालं ते सांगतो. पूजेहून आलेल्याला कोणी निरूपणाचं विचारत नाही. तुझी गल्लत तिथं होते आहे. हा दाखला फार ताणू नकोस, त्यांच्या फादरांना आवडणार नाही आणि आपल्या पाळकसाहेबांना तर मुळीच नाही. पण दिशा कळायला पुरे.

पुढच्या रविवारी आत शिरताना त्याच्या आईकडे बघ. बाकात बसण्याआधी त्या उजवा गुडघा टेकवतील. समोर मूर्ती आहे म्हणून नव्हे. वेदीपाशी एक लहानसं बंद कपाट असतं, त्याच्याजवळ दिवा जळत असतो. आधीच्या मिस्सेत उरलेली ख्रिस्तप्रसादाची भाकर त्या कपाटात ठेवलेली असते. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती आता भाकर उरलेली नाही, प्रत्यक्ष ख्रिस्त आहे. मिस्सा संपली, लोक घरी गेले, तरी तो तिथं आहेच. म्हणून गुडघा, म्हणून दिवा.

आता आपल्याकडचं आठव. प्रभुभोजन झाल्यावर उरलेल्या पावाचं आपण काय करतो? पाळकांच्या घरची पोरं ते तुकडे खातात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. दोन्ही चर्चमधला फरक मोठमोठ्या ग्रंथांत शोधण्याआधी या उरलेल्या पावात शोधावा, असं माझं मत आहे. त्यांची उपासना म्हणजे वेदीवर काहीतरी घडणं. वधस्तंभावरचं एकदाच झालेलं अर्पण तिथं पुन्हा समोर उभं राहतं आणि लोक त्यात सामील होतात. आपली उपासना म्हणजे देव बोलतो आणि मंडळी ऐकून उत्तर देते, गीतानं, प्रार्थनेनं, अर्पणानं. त्यांचे डोळे वेदीकडे लागलेले, आपले कान व्यासपीठाकडे.

हे वेगळेपण जुनं आहे. भाकरीचं मूळ तत्त्व पालटतं ही शिकवण १२१५ च्या लॅटरन परिषदेनं शब्दांत बांधली आणि ट्रेंटच्या परिषदेनं (१५४५ ते १५६३) ती पक्की केली. मधल्या काळात, १५१७ पासून, धर्मसुधारक ल्यूथरनं सगळं हलवलं होतं. पण ल्यूथरसुद्धा भाकरीत ख्रिस्त खराखुरा आहे असंच म्हणायचा. झुरिकच्या झ्विंग्लीला ते स्मरण वाटत होतं. कॅल्विन म्हणाला की ख्रिस्त आपल्याला खरोखर भरवतो, पण आत्म्याच्या द्वारे. आपण निपाणीकर या कॅल्विनच्या घराण्यातले. १८५२ मध्ये मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, १८७० मध्ये त्यांचं मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळानं हाती घेतलं, आणि तीच वाट पुढे निपाणीपर्यंत आली.

आता एक गंमत. तू मोठ्या तोऱ्यात म्हणालीस, की आपल्याकडे प्रभुभोजन रोज-रोज नसतं म्हणून त्याची किंमत राहते. बाई गं, खुद्द कॅल्विनला ते दर आठवड्याला हवं होतं! जिनिव्हाच्या नगरसभेनं ऐकलं नाही आणि वर्षातून चार वेळा यावर भागवलं. आपण ज्याला आपली रीत म्हणतो ती अशी नगरसेवकांनी ठरवलेली. आणि त्याच्या घरचे लोक दर रविवारी रांगेत उभे राहतात ती सवयही फार जुनी नाही. शतकानुशतकं कॅथलिक माणूस मिस्सेला नेमानं जायचा, पण ख्रिस्तप्रसाद वर्षातून एकदा, ईस्टरच्या सुमाराला घ्यायचा. १२१५ चा नियम किमान तेवढाच मागत होता. वारंवार घ्या असं पोप दहावे पायस यांनी १९०५ मध्ये सांगितलं आणि १९१० मध्ये सात वर्षांच्या मुलांनाही वाट मोकळी केली. पांढऱ्या कपड्यांतल्या पोरींचे पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे ते फोटो त्याच्या घरच्या भिंतीवर आहेत ना, ती प्रथा त्यानंतर एवढी रुजली. पण घेतलं नाही तरी मिस्सा वाया जात नव्हती, कारण मुख्य गोष्ट वेदीवर घडत होती. हे मला महत्त्वाचं वाटतं.

टाळेबंदी आठवते? मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं, राज्याच्या सीमेवर कोगनोळी नाक्यावर माणसं अडवली जात होती, आणि १२ एप्रिलचा ईस्टर घरात बसून काढावा लागला. आपल्याकडे काय झालं? पाळकसाहेबांचं प्रवचन मोबाइलवर आलं. गीतं आपण घरात म्हटली, तुझ्या बाबांनी शास्त्रपाठ वाचला, प्रार्थना झाली. चुकल्यासारखं वाटलं ते मंडळीच्या सहवासाचं. उपासना बरीचशी पोहोचली होती. काही ठिकाणी तर पाळकांनी घरात पाव आणि द्राक्षरस घेऊन बसायला सांगितलं. कॅथलिकांचं तसं नव्हतं. त्यांनाही मिस्सा पडद्यावर दिसत होती, पोपची रोममधली मिस्सासुद्धा. पण पडद्यातून भाकर हातात येत नाही, आणि घरातल्या भाकरीवर कोणी घरच्या माणसानं चार शब्द म्हणून ती ख्रिस्तप्रसाद होत नाही. त्यांना मनानं ख्रिस्तप्रसाद ग्रहण करण्याची एक प्रार्थना शिकवली गेली. त्याच्या आई तेव्हाच्या आठवणी सांगतील तर ऐक. तू ज्या मिस्सेबद्दल दर रविवारी तक्रार करतेस, तिच्यासाठी ती माणसं कशी आसुसली होती, ते समजेल.

याच्या उलट बाजूही बघ. पावसाळ्यात पाळकसाहेबांना यायला जमलं नाही, तर आपल्याकडे मंडळीतले एखादे वडील उपासना चालवतात, उपदेशही करतात, आणि कधी कधी तो पाळकांच्या उपदेशापेक्षा बरा असतो. त्यांच्याकडे फादर नसतील तर प्रार्थना होईल, वाचनं होतील, मिस्सा होणार नाही. पण फादरांनी आठवड्यातल्या एखाद्या सकाळी प्रवचन न करता मिस्सा केली, तर ती पुरी मिस्सा असते. आपल्याकडे प्रवचनच नसलेल्या रविवारची कल्पना करून बघ. लोक दारातच विचारतील, आज उपासना नाही का?

तरी ‘कॅथलिकांना बायबल ठाऊक नसतं’ हे आपल्या बायकांच्या मंडळात चालणारं वाक्य तू त्या घरात उच्चारू नकोस. मोज की! रविवारच्या मिस्सेत जुन्या करारातून एक वाचन, मग स्तोत्र, मग पत्रांतून एक, मग शुभवर्तमान, आणि त्या वेळी सगळे उभे. १९६९ पासून तीन वर्षांचं चक्र आखलेलं आहे. फादरांना आवडता उतारा निवडायची मोकळीक फारशी नाही. आपल्याकडे मात्र एक उतारा, तोही बहुधा पाळकांच्या पसंतीचा, आणि त्यावर चाळीस मिनिटं. वाचनाचं माप लावलं तर कधी कधी त्यांचंच पारडं जड भरेल. नोव्हेना, जपमाळ, फातिमा मातेपुढच्या मेणबत्त्या, यांवर तू फार अडतेस. ती भक्ती मिस्सेच्या आजूबाजूची आहे, मिस्सा नव्हे. ती तुला पटत नसेल तर न करण्याची मोकळीक आहे.

भाषेचं मात्र आपलं खरंच वेगळं. ऐकणं हेच मुख्य म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलावंच लागतं. म्हणून मिशनरी आले ते व्याकरणं, शब्दकोश आणि छापखाने घेऊन. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर भजन-कीर्तनाची चालच उपासनेत आणली. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक उघडल्यावर आपल्याला परकं काही वाटत नाही ते त्यांच्यामुळे. कॅथलिकांनी मराठीला काही दिलं नाही असं मात्र नाही. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, दहा हजारांहून जास्त ओव्या, आणि ते चर्चमध्ये वाचलं जाई. पण मिस्सा लॅटिनमध्येच राहिली, पुढची साडेतीनशे वर्षं! ओव्या ऐकायच्या, वेदीवरचं पाहायचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ४ डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजानं लोकभाषेला दार उघडलं, तेव्हा हे बदललं. बेळगावात त्यातून नवाच प्रश्न आला असणार. लॅटिन कोणाचीच नव्हती म्हणून भांडण नव्हतं. आता कोंकणी की मराठी, कन्नड की इंग्रजी? सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. गोव्याहून पिढ्यांमागे आलेल्या त्याच्या आजीला कोंकणी मिस्सा हवी आणि नातवाला इंग्रजी, हे तू पाहतेच आहेस.

आणि सगळे प्रोटेस्टंट आपल्यासारखे असतात असंही समजू नकोस. कॅम्पातलं १८६९ चं सेंट मेरीज बघून ये. दगडी बांधणी, रंगीत काचा, नाव मरियेचं, पण बांधणारे अँग्लिकन; मरियेकडे प्रार्थना तिथं नाही. तिथली मांडणी पाहून तुला वाटेल आपण मिस्सेलाच आलो. बेळगावचे मेथडिस्ट आणखी निराळे. लंडन मिशनरी सोसायटीनं १८२० मध्ये सुरू केलेलं काम १९०४ मध्ये त्यांच्याकडे आलं, आणि प्रभुभोजनात न आंबवलेला द्राक्षरस ही त्यांची खास देणगी. अमेरिकेत वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्यानं दारू नको म्हणून तो रस टिकवायची युक्ती काढली, तीही १८६९ मध्येच. हात उंचावून तासभर गाणाऱ्या नव्या मंडळ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, तिथं माझं वय आड येतं.

आता बाकावर एकटी बसतेस त्याबद्दल. तुझा अपमान कोणी करत नाही. ख्रिस्तप्रसाद घेणं म्हणजे त्या चर्चच्या श्रद्धेशी आणि बिशपांशी आपण एक आहोत असं सांगणं, असं ते मानतात, आणि तू ते अजून म्हणू शकत नाहीस. मला हा नियम पटत नाही. प्रभूच्या मेजावर कोणाला बोलवायचं हे प्रभूनं ठरवावं, असं मी आजही म्हणेन. पण नियमामागे तुसडेपणा नाही, भाकरीबद्दलचा त्यांचा धाक आहे, हे मान्य करते. नियम दोन्हीकडून आहे. तो निपाणीला आला तर आपल्या पाळकसाहेबांच्या हातून त्यालाही घेता येणार नाही, आपण कितीही आग्रह केला तरी. तेव्हा आग्रह करू नका. तुझ्या आईलाही हे सांग.

शेवटी कामाचं. लग्नासाठी बिशपांची परवानगी लागेल. ती फादरच मागवतील. मुलांचा बाप्तिस्मा आणि वाढ कॅथलिक रीतीनं व्हावी म्हणून आपल्याकडून होईल ते करू, असं वचन त्याला द्यावं लागतं. तुला त्याची कल्पना दिली जाते, तुझ्याकडून वचन घेत नाहीत. १९७० पर्यंत दोघांकडून घेत असत. म्हणून हा विषय तुम्ही दोघांनी आताच बोला, कागदावर सह्या करताना नको. लग्नविधी बहुधा मिस्सेशिवाय होईल. ते सोयीचंच आहे, नाहीतर निम्मं वऱ्हाड बसून राहील आणि निम्मं रांगेत. आपल्या पाळकसाहेबांना वाचन किंवा आशीर्वादाची प्रार्थना करू द्याल का, असं फादरांना नम्रपणे विचार. बरेच जण हो म्हणतात. आणि तुझा निपाणीतला बाप्तिस्मा त्यांना मान्य आहे. पाणी आणि पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव एवढं असलं की ते पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत, आणि आपणही देत नाही.

तुझी,
आत्या
निपाणी