यास्नाया पोल्याना येथील दोन थडगीं

मॉस्कोच्या दक्षिणेस सुमारें २०० किलोमीटरांवर, तूला शहराजवळ, लिओ टॉल्स्टॉय यांच्या आजोळची यास्नाया पोल्याना ही जहागीर आहे. फाटकाचे दोन पांढरे बुरूज ओलांडून भूर्जवृक्षांच्या दुतर्फा रांगांमधून आम्ही वाड्यापाशीं आलों. १९२१ सालापासून येथें संग्रहालय आहे. ज्या कातडी कोचावर १८२८ सालीं टॉल्स्टॉय जन्मले, तो अजूनहि जपून ठेवला आहे.

याच घरांत, पन्नाशीच्या सुमारास, त्यांस एका प्रश्नानें ग्रासलें. कीर्ति, पैसा, मुलेंबाळें, कशाचीहि वाण नव्हती. परंतु मरण ठरलेलेंच, तर या सर्वांचा अर्थ काय? आपल्या हातून आत्मघात घडेल या भीतीनें ते बंदूक घेऊन शिकारीस जाईनासे झाले, असें त्यांनींच 'कबुलीजबाब' या ग्रंथांत लिहिलें आहे. तेथेंच पूर्वेकडील एक कथा दिली आहे. ती वाचून आमच्या वाचकांस घरची खूण पटेल. विहिरींत लोंबकळणारा मनुष्य, तळाशीं जबडा वासलेला सर्प, आधाराची फांदी कुरतडणारे पांढरे व काळे उंदीर, आणि तशांतहि मध चाटणारी जीभ! थोड्या फरकानें हाच दृष्टांत महाभारताच्या स्त्रीपर्वांत विदुर धृतराष्ट्रास सांगतो. टॉल्स्टॉयचे मधाचे थेंब दोन : कुटुंबाचें प्रेम व लेखन. तेहि त्यांस गोड लागेनात.

पुढें शेतकऱ्यांच्या श्रमांत व श्रद्धेंत त्यांस मार्ग दिसला. 'इव्हान इलिचचा मृत्यु' (१८८६) या कथेंत मरणोन्मुख न्यायाधीशास खरा धीर देतो, तो गेरासिम हा खेडवळ चाकरच. परंतु हा मार्ग घरास मानवला नाहीं. नोव्हेंबर १९१० मध्यें, ८२ व्या वर्षीं, पत्नीस न सांगतां त्यांनीं रात्रीं घर सोडलें, व दहा दिवसांनीं आस्तापोव्हो स्टेशनांत देह ठेवला. पत्नी सोफिया धांवत आल्या. पण पति शुद्धीवर असेपर्यंत त्यांस आंत जाऊं दिलें नाहीं. वानप्रस्थानें पत्नीस पुत्रांच्या स्वाधीन करावें, अथवा बरोबर न्यावें, असें मनु सांगतो. त्याची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

रानांत, ओघळीच्या कांठीं, टॉल्स्टॉयचें थडगें आहे. नांव नाहीं, क्रूस नाहीं. केवळ हिरवळीचा लांबट उंचवटा. सर्व माणसें सुखी होण्याचें रहस्य एका हिरव्या काठीवर लिहून येथें पुरलें आहे, असें त्यांच्या थोरल्या भावानें लहानपणीं सांगितलें होतें. म्हणून त्यांनीं हीच जागा मागितली. तेरा मुलांस जन्म देणाऱ्या, 'युद्ध आणि शांति'च्या प्रती पुनः पुनः हातानें उतरून देणाऱ्या सोफिया १९१९ सालीं वारल्या. त्या येथें नाहींत, जवळच्या कोचाकी गांवच्या चर्चपाशीं आहेत. परततांना आम्हीं तेथेंहि जाऊन दोन फुलें वाहिलीं.