साखर आणि सोबत

०
रिपोर्टमधला एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या साखरेची मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते, ती इथे मोजतात. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आलं की डॉक्टर मधुमेह म्हणतात. पण हातात कागद घेतलेल्या माणसाला तो आकडा चारित्र्याच्या दाखल्यासारखा दिसतो.

०
सुरुवातीला मनात काय काय येतं: लॅबची चूक असेल. दुसरीकडे करून बघू. ऑफिसात सांगायला नको. रात्री पायाला मुंग्या आल्यासारखं वाटतं आणि मामांचा कापलेला पाय आठवतो. मामांची साखर कळली तीच जखम चिघळल्यावर. माझी वेळेवर कळली, हे दिवसा पटतं. रात्री ते पटवून द्यायला कुणीतरी लागतं.

०
"गोड फार खायचीस का गं?" प्रत्येक आत्या-मावशीचा पहिला प्रश्न हाच. त्यावर मला एक फोटो आठवतो.
पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा तो फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा याज्ञिकांच्या गटाने अभ्यास केला, तेव्हा ही ठेवण जन्मतःच दिसली: वजन कमी, तरी चरबी टिकून. ताट, चालणं, झोप माझ्या हातात आहे आणि ते मी सांभाळणार. पण आईच्या पोटात असल्यापासून चालत आलेल्या गोष्टीचा सगळा दोष जिलबीवर आणि माझ्या जिभेवर टाकणं खरं नाही.

०
हळदीकुंकवाला गेलं की दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतं, एका लाडवाने काय होतंय? दुसरं सगळ्यांसमोर ओरडून सांगतं, हिला बिनसाखरेचा चहा द्या! दोघांचीही माया खरी असते. तरी त्या क्षणी माणूस पंगतीतून उठवल्यासारखा एकटा पडतो.

०
या सगळ्याने मनाला येणाऱ्या थकव्याची डॉक्टरांनी दखल घेतली आहे. विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली: मधुमेहाची भीती वाटते का, रोजच्या पथ्याचा वीट आला का, या आजारात आपण एकटे आहोत असं वाटतं का. हा त्रास म्हणजे नैराश्यच असं नाही. पण दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावं. त्यावर उपचार आहेत.

०
१९२३ साली रॉबर्ट लॉरेन्स हा तरुण स्कॉटिश डॉक्टर फ्लॉरेन्समध्ये मधुमेहाने मरणाच्या दारात होता. इन्सुलिन मिळतं आहे, ताबडतोब परत ये, असा निरोप लंडनहून आला. तो गेला आणि वाचला. पुढे १९३४ मध्ये त्याने आणि स्वतः मधुमेही असलेल्या लेखक एच. जी. वेल्स यांनी मधुमेहींची संघटना उभी केली. स्वतःला औषध मिळाल्यावरही त्याला इतर रुग्णांची सोबत हवीशी वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं.

०
आमच्या बागेत सकाळी फिरून झाल्यावर काही जण बाकावर बसतात. बहुतेकांना साखर आहे. तिथे फास्टिंग-पीपीचे आकडे मोठ्याने बोलले जातात आणि कुणी भुवया उंचावत नाही. एका निवृत्त कंडक्टर काकांनी पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढून दाखवलं. सुई केवढीशी! "इन्सुलिन म्हणजे शेवट" ही माझी धास्ती त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यापुढे टिकली नाही. इन्सुलिन म्हणजे शेवट नव्हे, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण काकांनी ते जगून दाखवलं.

०
त्या बाकावरचे नियम चांगले आहेत. कुणी कुणाच्या गोळ्या बदलायच्या नाहीत. कारल्याचा रस प्यायचा असेल तर पी, पण त्यासाठी औषध थांबवू नकोस. हात थरथरले, घाम फुटला, साखर ७० च्या खाली गेली, तर १५ ग्रॅम म्हणजे तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आकडा वाढला म्हणून कुणाला बोल लावायचा नाही. आठवडा कसा गेला ते आधी विचारायचं.

०
आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तरीही लग्न ठरायचं असलेल्या मुली इन्सुलिन लपवतात, आणि नोकरदार डब्याआधीची गोळी चोरून घेतात. इतक्यांचा आजार प्रत्येकाने एकट्याने का सोसायचा?

०
नुकतं निदान झालेल्यांसाठी: डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत एक प्रश्न जास्तीचा विचारा, "तुमच्या पेशंटपैकी कुणी माझ्याशी बोलेल का?" सोसायटीत, ऑफिसात, बागेत एकाला तरी सांगा. दोघं-तिघं जमलात की वार ठरवा. पहिल्या दिवशी आहाराचे तक्ते नकोत. या आठवड्यात काय जड गेलं, एवढंच एकमेकांना विचारा आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या.