बारा फोटोंचा रोल

आम्ही दोघे भाऊ माणदेशातल्या एका पिंजाऱ्याच्या घरात वाढलो. घरात एकही फोटो नव्हता. तसबीर काढू नये, असे आमच्या दादांचे, म्हणजे आजोबांचे म्हणणे. अब्बांनी ते कधी मोडले नाही. १९८९ साली थोरल्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून यशिकामॅट कॅमेरा आणला, तेव्हा आठ दिवस आम्ही तो पिंजलेल्या कापसात लपवून ठेवला होता.

दोन भिंगांचा हा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचे. आपली मान खाली जाते, त्यामुळे समोरच्याला रोखून बघितल्यासारखे वाटत नाही. खुरपणाऱ्या बायका, मेंढरांमागचे धनगर बुजत नसत. काचेत मात्र डावे ते उजवीकडे दिसे. मेंढरे एकीकडे जायची, आमचा कॅमेरा भलतीकडे वळायचा. मीटर बंद पडलेले. लख्ख उन्हात १०० च्या फिल्मला छिद्र १६, वेग १/१२५, एवढा एकच हिशेब पाठ. उटीच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म मिळेल तेव्हा घ्यायची. एका रोलमध्ये फोटो बाराच. एक फोटो घेण्याआधी तासभर बघत बसायची सवय लागली ती या टंचाईने.

अब्बांना विचारायचे धाडस पाच वर्षे झाले नाही. १९९४ च्या हिवाळ्यात त्यांनीच विषय काढला. लोक फोमच्या गाद्या घेऊ लागले होते, तालुक्याला पिंजायचे यंत्र आले होते.

"ही कमान माझ्यामागं कोण धरणार? तिचा फोटो काढा. माझा नको."

"अब्बा, ती तुमच्या हातातच वाजते," आम्ही म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. उठून कामाला लागले. पडवीत उजेड कमी होता. कॅमेरा पत्र्याच्या पेटीवर ठेवून वेग १/१५ केला. रोलमधला तो बारावा फोटो.

धुऊन आला तेव्हा आमचे तोंड उतरले. तात हललेली, हात पुसट. भिंगाला बुरशी लागलेली, त्यामुळे दारातला उजेड सगळीकडे सांडलेला. चेहरा कापसाच्या धुरळ्यात बुडालेला. अब्बांनी मात्र फोटो उन्हात धरून बराच वेळ बघितला. "तात हलतेय. बरोबर आहे," एवढेच म्हणाले. चेहरा दिसत नाही, याचेच त्यांना बरे वाटले असावे.

२००१ साली अब्बा गेले. कमान वाळवीने खाल्ली. आता घरातल्या पोरांच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात. ती विचारतात, यात दादा कुठे आहेत? आम्ही त्या पुसट हातावर बोट ठेवतो. आजोबांचा शब्द आम्ही मोडला की राखला, हे आम्हा भावांत अजून ठरलेले नाही.

पण एक गोष्ट ठरली आहे, आणि ती सलते. अब्बा पिंजायचे तो कापूस खोळीत भरून गादी शिवायची ती अम्मा. निम्मे काम तिचे. तिचा फोटो काढू का, हे आम्ही कधी विचारलेच नाही. नको म्हणायची संधीसुद्धा तिला दिली नाही. त्या दिवशी ती पडवीतच होती, कॅमेऱ्याच्या मागे, आमच्यासाठी पेटी घट्ट धरून.