आबांचं नाव नोंदवताना

आबा मागच्या मागे पडायचे. ठेच लागून नाही, पाय घसरून नाही. उभे असतील तिथून, हात पुढे न करता, थेट पाठीवर. आटपाडीत दाखवलं, विट्याला दाखवलं. चक्कर समजून गोळ्या झाल्या, मानेचा एक्स-रे झाला. मिरजेला पार्किन्सन्स सांगितला आणि लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी काही फरक पडेना. ताटातलं सांडायला लागलं, पायरी उतरताना पाय चुकायला लागला. "खालचं दिसंना झालंय गं," आबा म्हणायचे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे.

पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी आबांसमोर बोट धरून ते हळूहळू खाली नेलं. आबांचे डोळे उजवी-डावीकडे वळत होते, खाली काही वळेनात. एमआरआयमध्ये मेंदूचा मधला भाग आक्रसलेला दिसला. नाव सांगितलं: प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, म्हणजे पीएसपी. स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या डॉक्टरांनी 1964 साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. टाउ नावाचं प्रथिन मेंदूच्या पेशींत साचत जातं. वरवर पार्किन्सन्स वाटावेत असे आणखीही आजार आहेत, मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी त्यातलाच. यांना लेव्होडोपा फारसा लागू पडत नाही आणि आजार थांबवणारं औषध आजतरी नाही.

एवढं पचायच्या आत डॉक्टरांनी विचारलं, "या आजाराचा एक अभ्यास चालू आहे. आबांचं नाव घालू का?"

मी घाबरले. औषध देऊन बघणार का? नाही म्हणाले. मग आमचा फायदा काय? थेट काहीच नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. रक्त घेणार, जनुकं तपासणार, डोळे, बोलणं, गिळणं, चालणं मोजणार आणि वर्षानं पुन्हा तेच करणार. मोजण्याची ठरलेली पद्धत आहे: 28 बाबी, 100 गुण, आणि गुण वाढले की आजार वाढला. नुसतं मोजून काय होणार, हा प्रश्न माझ्या मनातून बराच वेळ जाईना. डॉक्टर म्हणाले, आजार एरवी किती वेगानं वाढतो हेच माहीत नसेल, तर उद्या एखाद्या औषधानं तो मंदावला हे कशावरून ठरवायचं?

मग प्रश्नावली. काम काय करत होता? आबांची उमेद गेली कोईमतूरला गलाईत. आमच्या भागातली निम्मी घरं याच धंद्यावर उभी राहिली. सोनं-चांदी शुद्ध करताना तेजाबाचा धूर. ते लिहून देताना माझा हात अडला. त्यानंच झालं का हे? असं कुणालाच म्हणता येणार नाही, असं उत्तर मिळालं. फ्रान्सच्या उत्तरेला, क्रोमियमच्या खनिजावर प्रक्रिया करणारे कारखाने होते त्या भागात पीएसपीचे रुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त सापडले. पण कारण अजून सिद्ध झालेलं नाही. पुढचा प्रश्न होता, पाणी कुठलं प्यायलात? 2016 च्या एका अमेरिकी अभ्यासात पीएसपीच्या रुग्णांनी इतरांपेक्षा जास्त वर्षं विहिरीचं पाणी प्यायल्याचं दिसलं होतं. त्यातही नक्की कारण काय ते उलगडलेलं नाही. आमच्या माणदेशात आबांच्या पिढीला विहिरीशिवाय दुसरं पाणी कुठलं होतं? म्हणून तर इथल्या माणसांची उत्तरं या अभ्यासात यायला हवीत, असं मला त्या क्षणी फार तीव्रतेनं वाटलं.

औषधांच्या चाचण्यांबद्दलही मी खोदून विचारलं. दाव्हुनेटाइड नावाचा नाकात मारायचा फवारा 313 रुग्णांवर तपासला गेला, 2014 मध्ये निष्कर्ष आला: उपयोग नाही. टाउविरुद्धच्या दोन प्रतिपिंडांचे निष्कर्ष 2021 मध्ये छापून आले, तेही निराशेचे. अशा चाचण्यांच्या अटी ऐकल्या आणि पोटात कालवलं. बहुतेक ठिकाणी आजार सुरू होऊन पाच वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा, रुग्णाला थोड्या आधारानं का होईना पण काही पावलं चालता यावं, सोबत रोजचं बघणारं माणूस असावं. सोबतीला मी आहे. पण आटपाडीसारख्या गावात आजाराचं नाव कळेपर्यंतच त्यातली किती वर्षं निघून जातात! चांगलं औषध उद्या आलं, तरी त्याच्या चाचणीच्या दारापर्यंत आमची माणसं वेळेत पोहोचणारच नाहीत. मागच्या मागे पडणं आणि खाली न दिसणं, एवढी दोन लक्षणं जरी तालुक्याच्या दवाखान्यात ओळखता आली, तरी खूप वर्षं वाचतील.

संमतीपत्र मराठीत होतं. सही करण्याआधी मी नियमही समजून घेतले. चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, 2007 पासून आहे. 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची आधी नोंद करणं बंधनकारक झालं. 2019 च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीत अपाय झाला तर उपचार मोफत आणि चाचणीमुळे झाला असेल तर भरपाईही मिळते. आमच्या अभ्यासात औषधच नव्हतं, तरी मी प्रत्येक ओळ आबांना वाचून दाखवली. कधीही बाहेर पडता येईल, ही ओळ दोनदा. या आजारात उत्तर यायला फार वेळ लागतो. संमती घेणाऱ्या मुलीनं कागद माझ्या नवऱ्याकडे सरकवला, तेव्हा मी म्हटलं, "थांबा जरा, आबा बोलतायत." बऱ्याच वेळानं आबांनी विचारलं, "रगात किती काढनार?" दोन छोट्या नळ्या, असं तिनं सांगितलं. "मग काढा," आबा म्हणाले आणि स्वतःच सही केली, बारीक, ओळीखाली उतरत गेलेली.

निघताना डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. पीएसपीची पूर्ण खात्री मृत्यूनंतर मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाल्यावरच होते. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये त्यासाठी मेंदूपेढी आहे. त्यावर आमच्या घरात अजून बोलणं झालेलं नाही.

मी मात्र एक विनंती लेखी दिली आहे. आटपाडीहून पुण्याचा प्रवास आबांना आता झेपत नाही. पाणी पितानाही ठसका लागतो. पुढच्या वर्षीची मोजणी मिरजेत करता येईल का, निदान प्रश्नांचा भाग व्हिडिओ कॉलवर घेता येईल का आणि गाडीभाडं अभ्यासाच्या खर्चातून मिळेल का, एवढंच त्यात विचारलं आहे.